मुख्यालयाचा निरोप आणि नागपूरचे साडेचार

लंडनमध्ये सकाळचे अकरा वाजतात तेव्हा नागपुरात दुपारचे साडेचार झालेले असतात. हे थंडीतलं गणित. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं तासभर पुढे सरकली की तेच अकरा आपल्याकडे साडेतीनला वाजतात. वॉशिंग्टन-न्यूयॉर्कची घड्याळं मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारीच पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. ब्रिटनची मागे येतात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर संपतानाचा एक आठवडा लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये पाच तासांऐवजी चारच तासांचं अंतर असतं. वृत्तसंस्थेच्या मुख्यालयातून मीटिंगची वेळ कुणी हाताने टाइप करून कळवली असेल, तर नेमक्या याच आठवड्यांत नागपूरच्या धरमपेठेतल्या एखाद्या घरात कुणीतरी लॅपटॉप उघडून रिकाम्या मीटिंगमध्ये बसून राहतं.

आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थेच्या प्रमुखाने आपल्या माणसांना काही कळवायचं, म्हणजे पदं कमी होणार आहेत, एखादी भाषा बंद होणार आहे, मालकी बदलते आहे, एखादा सहकारी अडकला आहे, हे काम वरवर एका मेलचं दिसतं. मराठीत ‘निरोप’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक संदेश आणि दुसरा निघून जाताना घ्यायचा, आणि ‘सर्व सहकाऱ्यांस’ असा मथळा दिसला की वाचणारा आधी दुसराच धरतो. तो चुकीचा असेल तर पहिल्या ओळीतच दूर करायला हवा. बरोबर असेल तरीही पहिल्या ओळीतच सांगायला हवा. पण माझ्या मते मजकुरापेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची असते: कुणाला कधी कळलं, त्याचा क्रम. मजकूर थोडा ओबडधोबड असला तर लोक चालवून घेतात. आपल्या नोकरीची बातमी बाहेरच्या पोर्टलवर वाचावी लागली, तर ती कुणी विसरत नाही.

आधी वाचणारा कोण ते बघू. नागपुरात परदेशी वृत्तसंस्थांची मोठी कार्यालयं नसतात. इथे असतो नगावर, म्हणजे बातमीमागे पैसे घेऊन काम करणारा स्ट्रिंगर, ज्याच्या वाट्याला यवतमाळचा कापूस, ताडोबाचा वाघ, गडचिरोली, मे महिन्यातलं पंचेचाळीसच्या वरचं ऊन आणि डिसेंबरचं हिवाळी अधिवेशन, असा सगळा विदर्भ येतो. असतो गरजेप्रमाणे बोलावला जाणारा कॅमेरामन. घरून काम करणारा एखादा अनुवादक किंवा डेस्कवरचा उपसंपादक. यांतल्या निम्म्या लोकांकडे संस्थेचा मेल आयडीच नसतो. त्यांना कामं येतात व्हॉट्सअॅपवर, बिलं जातात जीमेलवरून. ‘ऑल स्टाफ’ ही यादी एचआरच्या सॉफ्टवेअरमधून निघते आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये पगार घेणारेच असतात. म्हणजे ज्याच्या पोटावर बातमी सगळ्यात आधी येणार, तोच यादीत नाही. बहुतेक निरोप फसतात ते इथेच, पहिलं वाक्य लिहिण्याआधी.

म्हणून कामाची सुरुवात मजकुरापासून करायची नाही, याद्यांपासून करायची. तीन याद्या लागतात. ज्यांच्यावर थेट परिणाम होणार ते. त्यांचे वरिष्ठ, ज्यांना लोक पुढच्या तासाभरात फोन करणार ते. आणि बाकी सगळे. तिसऱ्या यादीत स्ट्रिंगर, फ्रीलान्सर, रजेवर असलेले आणि बाळंतपणाच्या रजेवरच्या सहकारी हाताने घालाव्या लागतात, कारण रजेवरच्या माणसाचा ऑफिसचा मेल आपोआप उत्तर देतो आणि मजकूर कुणीच वाचत नाही. प्रत्येक ब्युरो चीफकडून त्याच्या हाताखाली गेल्या सहा महिन्यांत ज्याला ज्याला पैसे दिले त्यांची नावं आणि मोबाइल नंबर मागवले की यादी बऱ्यापैकी पुरी होते. अकाउंट्स विभागाची बिलांची यादी यासाठी एचआरच्या यादीपेक्षा भरवशाची.

मग वेळापत्रक. अकराचा मेल असेल तर ब्युरो चीफना आदल्या दिवशी संध्याकाळी सांगायचं. त्याहून आधी नको, कारण एकापेक्षा जास्त रात्री गेल्या की गुपित राहत नाही, आणि तासभर आधीही नको, कारण त्यांना प्रश्नांची उत्तरं वाचून समजून घ्यायला वेळ हवा. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना त्या दिवशी सकाळी, एकेकट्याला, फोनवर किंवा समोर. एका फोनला दहा मिनिटं धरायची, मध्ये पाच मिनिटं मोकळी. चार माणसं म्हणजे एक तास. वीस माणसं असतील तर एकच वरिष्ठ पुरत नाही. तिघांनी एकाच वेळी फोन सुरू करावे लागतात, नाहीतर पहिल्याचा फोन ठेवल्यापासून विसाव्याला कळेपर्यंत साडेचार-पाच तास जातात आणि विसाव्याला ती बातमी फोनवरून कळतच नाही, चहाच्या टपरीवर कळते. सर्वांचा मेल शेवटचा फोन संपल्यावर दहा-पंधरा मिनिटांत सुटला पाहिजे. प्रसिद्धी विभागाचं निवेदन त्याच्याही नंतर. मेल सुटल्यापासून तो बाहेर फिरायला दहा मिनिटं पुरतात. ही पत्रकारांची कंपनी आहे, बातमी फोडणं हाच इथला धंदा. तेव्हा मेल लिहितानाच तो उद्या छापून येणार असं धरून लिहायचा. त्यात एक आकडा आणि निवेदनात दुसरा, असं झालं की तीच बातमी होते.

फोनसाठी एक अडचण विदर्भातली म्हणून सांगतो. दौऱ्यावरचा माणूस गडचिरोलीच्या जंगलात भामरागड किंवा एटापल्लीकडे असेल तर तो दिवसभर लागणार नाही. अशाला आदल्या दिवशी ‘उद्या सकाळी साडेदहाला रेंजमध्ये राहा’ एवढंच कळवलं तर तो रात्रभर झोपणार नाही. त्यापेक्षा डेस्कने त्याचा दौराच एक दिवस मागे-पुढे करून ठेवावा. रोस्टर त्यासाठीच असतो.

आता मजकूर. पत्रकार हा मेल कर्मचारी म्हणून वाचत नाही, कॉपी म्हणून, म्हणजे तपासायला आलेल्या बातमीसारखा वाचतो. त्याची नजर इंट्रोवर, म्हणजे सुरुवातीच्या ओळींवर जाते, मग आकड्यावर, मग क्रियापदाचा कर्ता शोधते. इंट्रोत बातमी नसेल तर ती खाली कुठेतरी पुरली आहे हे त्याला सवयीने कळतं आणि तो मधला मजकूर न वाचता खाली उतरतो. म्हणजे ‘बदलत्या माध्यमविश्वाचा वेध घेत, प्रेक्षकांना अधिक चांगली सेवा देण्याच्या दृष्टीने, दक्षिण आशियातील कामकाजाची पुनर्रचना करण्याचा निर्णय घेण्यात आला आहे’ हे वाक्य लिहिणाऱ्याने अर्धा दिवस घासलेलं असतं आणि वाचणाऱ्याने अर्ध्या सेकंदात ओलांडलेलं असतं. तोच मजकूर असा लिहिता येतो:

‘नागपूर आणि पाटण्यातली वार्ताहरांची पदं १ जूनपासून बंद करावीत, असा प्रस्ताव मी आज मांडत आहे. दोन्ही शहरं मिळून चार पदं आहेत. त्या चौघांशी ब्युरो चीफ आज सकाळी बोलल्या आहेत. सल्लामसलत ३० एप्रिलपर्यंत चालेल. तोवर काही अंतिम नाही. प्रस्ताव मंजूर झाला तर नोटिशीचे तीन महिने धरून पगार ३१ ऑगस्टपर्यंत मिळेल. प्रश्न मला याच मेलवर पाठवा, शुक्रवार १० एप्रिल, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सहापर्यंत.’

कारणं यानंतर. पैसा कमी आहे, श्रोते रेडिओ सोडून मोबाइलवर गेले, जाहिराती आटल्या, जे असेल ते दोन-तीन वाक्यांत. अख्खा मेल इंग्रजीत चारशे शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नये. त्याहून मोठा झाला तर त्यात कुणीतरी आपली कामगिरी घुसवलेली असते.

कर्ता कोण, हा प्रश्न मराठीत जास्त बोचतो. इंग्रजीत सगळ्यांसाठी एकच ‘वी’ आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन आहेत आणि त्यांच्यामध्ये भिंत आहे. ‘आम्ही’त ऐकणारा नाही, ‘आपण’मध्ये आहे. मुख्यालयातून आलेल्या इंग्रजी मेलचा अनुवाद करताना अनुवादक आपुलकी म्हणून सरसकट ‘आपण’ घालतो आणि वाक्य तयार होतं, ‘आपण हा कठीण निर्णय घेतला आहे’. डेस्कवरचा माणूस विचारतो, मी कधी घेतला? ‘आपण’ हे आदरार्थी ‘तुम्ही’ही असल्याने ते वाक्य चक्क वाचणाऱ्यावर आरोप केल्यासारखंही वाचता येतं. निर्णय असेल तिथे ‘आम्ही’, त्याहून बरं ‘मी’. जे सगळ्यांनी मिळून सोसायचं किंवा करायचं आहे तिथे ‘आपण’. मूळ मेल लिहिणाऱ्यानेच प्रत्येक ‘वी’च्या वर पेन्सिलीने नोंदवून दिलं की कोण, तर सगळ्या भाषांचे अनुवादक दुवा देतील.

‘मी’ लिहिलं म्हणून आकाश कोसळत नाही. २० एप्रिल २०२३ ला बझफीड या अमेरिकी डिजिटल माध्यम कंपनीचे प्रमुख जोना पेरेटी यांनी बझफीड न्यूज बंद करत असल्याचा आणि सुमारे १५ टक्के कर्मचारी कमी करत असल्याचा मेल पाठवला. त्यात, बझफीड न्यूजवर गरजेपेक्षा जास्त गुंतवणूक करण्याचा निर्णय माझा होता, असं त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं. नोकऱ्या त्याने वाचल्या नाहीत. पण ‘घेण्यात आला’ हे कर्मणी रूप आपल्याकडे शासन निर्णयात शोभतं, जिथे सही करणाऱ्याची बदली झालेली असते.

दुसरा गुंता ‘प्रस्ताव’ या शब्दाचा. ब्रिटिश संस्थेचा मेल ‘बंद करणार’ असं म्हणत नाही, ‘बंद करण्याचा प्रस्ताव आहे’ म्हणतो. मराठी वाचकाला ती पळवाट वाटते किंवा खोटी आशा. ती दोन्ही नाही, कायद्याची गरज आहे. ब्रिटनमध्ये ९० दिवसांत एका आस्थापनेतली २० ते ९९ पदं जाणार असतील तर पहिली नोकरी जाण्याआधी किमान ३० दिवस, आणि १०० किंवा जास्त असतील तर किमान ४५ दिवस आधी सल्लामसलत सुरू करावी लागते. ती व्हायच्या आत ‘निर्णय झाला’ असं लिहिलं तर सल्लामसलत नाटक ठरते आणि संस्था न्यायाधिकरणात अडकते. म्हणून मराठी करणाऱ्याने ‘प्रस्ताव’च ठेवायचा, ‘बंद होणार’ लिहायचं नाही. पण लगेच पुढे एक वाक्य घालायचं की सल्लामसलत कुणाशी, किती तारखेपर्यंत आणि तिच्यातून काय बदलू शकतं. अमेरिकेत १०० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीला मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आपल्याकडे १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात संपादकाला सहा महिने आणि इतर पत्रकारांना तीन महिने नोटिशीची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा मेलमध्ये जुन्या कायद्याचं कलम आठवणीतून टाकण्याआधी वकिलाला विचारावं. एकाच मेलमध्ये तिन्ही देशांचे दिवस घातले तर नागपूरचा माणूस ४५ दिवस स्वतःला लावून घेतो. देशागणिक परिच्छेद वेगळा करा, किंवा ‘भारतातल्या सहकाऱ्यांसाठी’ अशी स्वतंत्र पुरवणी जोडा.

आकड्यांत तीन सापळे. पहिला, ‘मिलियन’. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने २०२२ मध्ये २८.५ मिलियन पौंड वाचवायचे ठरवले. मराठीत ते २ कोटी ८५ लाख पौंड. घाईत दशांश सरकला की २८ कोटी होतात. रुपयांत करून देण्याचा मोह टाळावा, दर रोज बदलतो. दुसरा सापळा, निव्वळ आणि एकूण. १२० पदं बंद आणि ४० नवी म्हणजे ‘८० पदांची घट’ असं लिहिणं गणिताने बरोबर, पण ज्या १२० जणांची पदं जाणार आहेत त्यांना ते फसवणुकीसारखं वाटतं. तिन्ही आकडे द्या. तिसरा, पद आणि माणूस. एका पदावर अर्धवेळ दोघी असू शकतात.

तारीख निवडणं हे स्वतंत्र काम आहे आणि ते बहुधा कुणी करत नाही. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने पाच भाषासेवा बंद करण्याची आणि सुमारे ६५० पदं कमी करण्याची घोषणा कर्मचाऱ्यांसमोर केली ती २६ जानेवारी २०११ ला. हिंदीच्या शॉर्टवेव्ह प्रसारणावरही तेव्हा टांगती तलवार आली होती. भारतातल्या श्रोत्यांसाठी आणि सहकाऱ्यांसाठी तो प्रजासत्ताक दिन होता. २९ सप्टेंबर २०२२ ला ३८२ पदांची कपात जाहीर झाली तेव्हा नवरात्र सुरू होतं. लंडनच्या कॅलेंडरवर हे दोन्ही साधे कामाचे दिवस. वॉशिंग्टन पोस्टने कार्यकारी संपादक सॅली बझबी पायउतार होत असल्याचं २ जून २०२४ च्या रविवारी रात्री कळवलं; आपल्याकडे सोमवारची पहाट उजाडत होती, त्यामुळे सकाळच्या शिफ्टला पहिला घास हाच. त्याच निरोपात पुढच्या संपादकांची नावंही होती. त्यांतले रॉबर्ट विनेट यांनी २१ जूनपर्यंत माघार घेतली. नाव जाहीर करण्याची घाई नको, एवढं तरी त्यातून घ्यावं.

वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक ब्युरोने आपल्या न टाळता येणाऱ्या तारखा कळवाव्यात. दोहाचा आठवडा शुक्रवार-शनिवारी सुटतो, काबूलचा शुक्रवारी. नागपूरच्या यादीत दसरा हवाच, कारण तो दीक्षाभूमीचा दिवस आहे आणि त्या आठवड्यात इथला प्रत्येक कॅमेरा तिथे असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक. अधिवेशनाचा पहिला दिवस. मतमोजणीचा दिवस तर जगात कुठेही चालत नाही. सगळ्यात बरा वार मंगळवार किंवा बुधवार, म्हणजे प्रश्नांसाठी आठवड्याचे दोन-तीन दिवस हाताशी राहतात. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेला मेल म्हणजे पाठवणाऱ्याने शनिवार-रविवार आपल्यासाठी राखून ठेवला, असाच अर्थ लावला जातो.

मालकी किंवा कंपनी बदलते तेव्हाचा निरोप कपातीपेक्षाही अवघड असतो, कारण त्यात वाईट असं काही दिसत नाही. डिजिटल बातम्यांमध्ये परकीय गुंतवणुकीला सरकारी मंजुरीने २६ टक्क्यांची मर्यादा केंद्र सरकारने २०१९ मध्ये ठरवली. त्यानंतर बीबीसीने भारतातल्या भाषासेवांचं काम ‘कलेक्टिव्ह न्यूजरूम’ या भारतीय मालकीच्या नव्या कंपनीकडे दिलं. घोषणा डिसेंबर २०२३ मध्ये, कामकाज एप्रिल २०२४ पासून. २०१७ मध्ये सुरू झालेली मराठी सेवाही त्यात आली. अशा वेळी प्रमुखाला वारसा, विश्वासार्हता आणि संपादकीय स्वातंत्र्यावर लिहावंसं वाटतं, आणि ते लिहायलाही हवं. पण वाचणारा शोधत असतो ते वेगळंच. जुनी सेवा सलग धरणार का? कारण ग्रॅच्युइटीचं गणित त्यावर आहे. काही वर्षं सेवा झालेल्याला नवी कंपनी म्हणजे शून्यापासून मोजणी की पुढे, हे पहिल्या मेलमध्ये कळलं पाहिजे. पीएफ खातं तेच राहणार का, त्याचा कायमचा नंबर (यूएएन) जोडून कोण देणार? आरोग्य विम्यात आई-वडील आहेत का, आणि जुनी पॉलिसी संपून नवी सुरू होईपर्यंत मध्ये एकही दिवस उघडा राहतो का? ओळखपत्रावर, अधिस्वीकृतीच्या, म्हणजे पत्रकार म्हणून सरकारी मान्यतेच्या अर्जावर कोणत्या संस्थेचं नाव लिहायचं? गृहकर्ज मागायला गेलेल्याला बँक नियोक्त्याचं नाव विचारते आणि दोन महिन्यांपूर्वी जन्मलेल्या कंपनीचं नाव ऐकून फाइल बाजूला ठेवते. सेवा सलग असल्याचं एक पानाचं पत्र मेलबरोबरच जोडून दिलं तर निम्मे प्रश्न येतच नाहीत.

निरोप पोचवायचा कशाने? मेल तर हवाच. पण ऑफिसच्या यंत्रणेबाहेरचा दुसरा रस्ता आधीपासून तयार हवा, आणि याचं उदाहरण ताजं आहे. १५ मार्च २०२५ ला, आपल्याकडे धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या जवळपास सगळ्या, म्हणजे १,३०० हून अधिक लोकांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आलं. खुद्द संचालक मायकेल अब्रामोविट्झ त्यांत होते. त्यांचं म्हणणं जगापुढे आणि सहकाऱ्यांपुढे आलं ते समाजमाध्यमावरच्या पोस्टमधून. प्रमुखाचाच ऑफिसचा रस्ता बंद होऊ शकतो, हे आता धरून चालावं लागतं. प्रत्येक ब्युरो चीफकडे आपल्या माणसांचे खासगी नंबर कागदावर असावेत. कागदावरच.

व्हॉट्सअॅपवर टाकायचा मजकूर वेगळा लिहायचा. लांब मेसेज मध्येच तुटून ‘अधिक वाचा’ येतं, तेव्हा काय, कधीपासून, कुणाला विचारायचं एवढं वरच्या तीन-चार ओळींत बसवायचं. पीडीएफ मोबाइलवर उघडून झूम करत वाचायला लावू नये. आणि आपल्या मराठी डेस्कांचा खास रोग: श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये न बदलता चिकटवला की पलीकडे इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. अशा दिवशी तो दिसला तर हसूही येत नाही.

मीटिंगबद्दल फार नाही. एका वेळेत सगळं जग बसत नाही, त्यामुळे दोन सत्रं ठेवा आणि दोन्हींत तेच सांगा. लंडनची सकाळी साडेआठची वेळ थंडीत नागपूरला दुपारी दोनची आणि सिंगापूरला साडेचारची. अमेरिकेसाठी दुसरं सत्र लंडनच्या दुपारी चारला. ऑनलाइन मीटिंगच्या जागा पाचशे-हजार अशा मोजून विकत घेतलेल्या असतात, त्या आदल्या दिवशी मोजा. बाहेर राहिलेला माणूस तांत्रिक अडचण मानत नाही. फोनवरून नुसतं ऐकता येईल असा नंबर द्या. प्रमुखाने बोलायचं दहा मिनिटं, उरलेली पस्तीस प्रश्नांना. प्रश्न नाव न देता विचारता आले पाहिजेत, आणि ज्या प्रश्नाला जास्त लोकांनी पाठिंबा दिला आहे तो गाळून पुढच्याकडे जाऊ नये, कारण तो यादीत सगळ्यांना दिसत असतो. माहीत नसेल तर ‘माहीत नाही, गुरुवारपर्यंत सांगतो’ आणि गुरुवारी सांगायचं. आकडे सुनावून लोकांना झोडपण्याचा मोह काहींना होतो. वॉशिंग्टन पोस्टच्या त्याच जून २०२४ मध्ये प्रकाशक विल लुईस यांनी बैठकीत सांगितलं की वाचक निम्म्यावर आले आहेत, तुमचं लिहिलेलं लोक वाचत नाहीत. वाचक घटले होते हे खरं. पण त्यानंतर खोलीत घटलेल्या वाचकांवर नाही, त्या ‘तुमचं’वर चर्चा झाली. पुन्हा तेच, कर्ता कोण.

आता सगळ्यात जड प्रकार. सहकारी मारला गेला, जखमी झाला, पकडला गेला. इथे क्रम मोडता येतच नाही: घरचे, मग त्याच्याबरोबर रोज काम करणारे, मग संस्था, मग जग. घरच्यांना कळल्याची खात्री प्रमुखाने दुसऱ्या माणसाकडून करून घ्यायची, ‘कळवलं असेल’ हे चालत नाही. तोवर नाव कुठल्याही ग्रुपवर नाही, काळी पट्टी नाही, प्रोफाइल फोटो बदलणं नाही. मजकुरात चारच गोष्टी: काय खात्रीचं आहे, काय खात्रीचं नाही, संस्था आत्ता काय करते आहे, आणि पुढचं कधी कळेल. १६ जुलै २०२१ ला अफगाणिस्तानातल्या स्पिन बोल्डाकमध्ये रॉयटर्सचे छायाचित्रकार दानिश सिद्दीकी मारले गेले. अध्यक्ष मायकेल फ्रीडेनबर्ग आणि मुख्य संपादक अलेस्सांद्रा गालोनी यांच्या पहिल्या निवेदनात, आम्ही तातडीने अधिक माहिती मिळवत आहोत, त्या भागातल्या अधिकाऱ्यांशी संपर्कात आहोत, असं सरळ होतं. तपशील नसताना तपशिलाचा आव नव्हता. पहिल्या तासाच्या मजकुरात याहून जास्त काही असेल तर त्यातलं काहीतरी पुढे मागे घ्यावं लागतं.

त्या मेलमध्ये बाकीचे सहकारी कुठे आहेत, कोणत्या हॉटेलात उतरले, कोणत्या रस्त्याने परतणार, हे कधीही लिहायचं नाही. काळजीपोटी लिहिलं जातं आणि हजार माणसांना जातं. गडचिरोलीत गेलेल्या चमूबद्दलही तोच नियम. ‘सगळे सुखरूप, ब्युरोच्या संपर्कात’ एवढं पुरे. आधी काढलेले फोटो लोकेशनसह ग्रुपवर पडले असतील तर ते पुसायला सांगणारा वेगळा फोन करायचा, त्याच ग्रुपवर ‘लोकेशन पुसा’ असं लिहायचं नाही.

पकडलेल्या सहकाऱ्याची गोष्ट लांबते. वॉल स्ट्रीट जर्नलचे इव्हान गेर्शकोविच यांना रशियात येकातेरिनबर्गला २९ मार्च २०२३ रोजी अटक झाली, १९ जुलै २०२४ ला सोळा वर्षांची शिक्षा झाली आणि १ ऑगस्ट २०२४ ला कैद्यांच्या अदलाबदलीत ते सुटले. ४९१ दिवस. इतक्या दिवसांत संपादकाकडे नवं सांगण्यासारखं फारच थोडे दिवस असतं. तरीही ठरलेल्या अंतराने लिहावंच लागतं, कारण न लिहिलं की लोक दोनच अर्थ काढतात: काहीतरी वाईट झालंय, किंवा वरचे विसरले. अशा मेलमध्ये पुढची सुनावणी कधी, वकील किंवा दूतावासाची भेट झाली का, सहकाऱ्यांनी काय करावं आणि काय करू नये, एवढं असतं. वाटाघाटींबद्दल अक्षरही नाही, आणि ‘अक्षरही लिहिणार नाही’ हे मात्र स्पष्ट लिहिलेलं. तारीख पाळायची. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी म्हटलं तर मंगळवार करायचा नाही.

पाठपुरावा कपातीच्या निरोपालाही लागतो आणि तोच बहुधा राहतो. सात दिवसांनी दुसरा मेल: किती प्रश्न आले, त्यांतले मोठे पाच कोणते, त्यांची उत्तरं, आणि पहिल्या मेलमधलं काय बदललं. काही बदललं नसेल तर तेही. इंग्रजी आणि मराठी एकाच वेळी सुटले पाहिजेत. मराठी दोन दिवसांनी आलं की मधल्या काळात मशीनने केलेला अनुवाद फिरतो आणि त्यात ‘रिडंडंट’चं ‘निरुपयोगी’ झालेलं असतं. ‘पद रद्द’ म्हणायचं. माणूस रद्द होत नाही.

स्ट्रिंगरसाठी या दुसऱ्या मेलमध्ये एक परिच्छेद राखून ठेवा, कारण त्याला कुणी विचारत नाही आणि तो विचारत नाही. आधी मान्य झालेल्या पण न छापलेल्या बातम्यांचे पैसे मिळणार का आणि कोणत्या दराने. थकलेली बिलं कोण काढणार, कारण ज्या वरिष्ठाची मंजुरी लागत होती त्याचंच पद गेलेलं असतं. बिल कोणत्या तारखेपर्यंत पाठवायचं, कोणत्या मेलवर, आणि पैसे किती दिवसांत जमा होणार. त्या मेलवर खरोखर कुणीतरी बसलेलं आहे ना, हे पाठवण्याआधी एक चाचणी बिल टाकून बघावं.